हॉलमधलं वाय-फाय, आतल्या खोलीतला कॉम्प्युटर

घरात इंटरनेटचं कनेक्शन येतं तो दिवस आठवून बघा. कंपनीचा मुलगा शिडी घेऊन येतो, वायर आत ओढतो आणि विचारतो, ‘डबा कुठं लावू?’ घरातलं कुणीतरी बोट दाखवतं, ‘लावा की तिथंच, टीव्हीजवळ.’ पाच मिनिटांत भिंतीला भोक पडतं, डबा बसतो, हिरवे दिवे लुकलुकायला लागतात. आपण तेव्हा बहुधा त्याच मुलासाठी आत चहा टाकत असतो. डबा कुठं लागावा, हे आपल्याला कुणी विचारलेलंच नसतं.

आणि मग महिनाभरात तक्रारी सुरू होतात. हॉलमध्ये बसून मॅच बघणाऱ्याला नेट छान मिळतं. आतल्या खोलीत, धान्याच्या कोठीशेजारी ठेवलेल्या कॉम्प्युटरवर मात्र गोल चक्र फिरत राहतं. त्या कॉम्प्युटरवर कोण बसतं? परीक्षेचा अर्ज भरणारी मुलगी, बचत गटाचा हिशेब टाकणारी सून, निवृत्तीनंतर घरी शिकवण्या घेणाऱ्या बाई. म्हणजे नेटची खरी गरज आत आणि नेट बाहेर, अशी ही गंमत आहे. गंमत कसली, डोकेदुखीच.

मैत्रिणींनो, ही डोकेदुखी घालवण्यासाठी इंजिनीअर व्हावं लागत नाही. मिक्सरची वायर ढिली झाली की आपल्याला कळतं, गॅसची ज्योत पिवळी झाली की आपण बर्नर साफ करतो. वाय-फायचंही तसंच आहे. ते कसं चालतं हे एकदा समजलं की निम्मी कामं आपली आपण होतात.

अंकुशनगरातलं एक घर

जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात महाकाळ्याजवळ अंकुशनगर आहे. समर्थ सहकारी साखर कारखान्याचं हे गाव, आणि गावाचं नाव कारखान्याचे संस्थापक अंकुशराव टोपे यांच्यावरून आलेलं. जायकवाडीच्या डाव्या कालव्यानं या तालुक्याच्या शेतीचं चित्र बदललं, ऊस आला आणि उसापाठोपाठ कारखाना. हंगाम सुरू झाला की उसाच्या गाड्या, भोंगा, मळीचा वास आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी काजळी. कारखान्याच्या आसपास राहणाऱ्या बाईला यातलं काहीच नव्यानं सांगायला नको.

अशा गावातलं एखादं घर डोळ्यांपुढे आणा. पुढं हॉल, मध्ये स्वयंपाकघर, मागं एक खोली. मागच्या खोलीवर पत्रा. शिकणाऱ्या मुलीसाठी कुणीतरी जुना डेस्कटॉप आणून दिलेला. लॅपटॉप परवडत नाही म्हणून डेस्कटॉप, हे आपल्याकडे अजूनही सर्रास दिसतं. त्यात वावगं काही नाही. मोठा पडदा, नीट कीबोर्ड, बिघडला तर गावातला कॉम्प्युटरवालाही उघडून दुरुस्त करतो. पण एक अडचण असते. लॅपटॉपमध्ये आणि मोबाइलमध्ये वाय-फाय आतूनच बसवलेलं असतं. बऱ्याच डेस्कटॉपमध्ये ते नसतं. त्यामुळे घरात नेट असूनही कॉम्प्युटर कोरडाच!

याचे परिणाम छोटे नाहीत. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा घराघरांत एका मोबाइलवर तीन मुलं शिकत होती, आणि फोन कुणी घ्यायचा या भांडणात मुलीचा नंबर बहुधा शेवटी लागायचा. २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना आली आणि दरमहा दीड हजार रुपयांच्या मदतीसाठी बायका ऑनलाइन अर्ज भरायला धावल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली. ओटीपी येत नाही, साइट उघडत नाही, अशा तक्रारी तेव्हा राज्यभरातून आल्या. अंगणवाडीताईंच्या नोंदी मोबाइलवर गेल्या, बँका मोबाइलवर आल्या, भरतीचे अर्ज ऑनलाइन झाले. नेट नीट चालणं ही आता चैनीची गोष्ट राहिलेली नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या बायकांना आणि पुरुषांना विचारलं होतं, ‘तुम्ही कधीतरी इंटरनेट वापरलंय का?’ ‘हो’ म्हणणाऱ्या बायका होत्या ३३.३ टक्के आणि पुरुष ५७.१ टक्के. मोबाइल घरात असतो, पण तो आपल्या हातात असतोच असं नाही. म्हणून घरातल्या कॉम्प्युटरचं मोल जास्त. तो कुणी खिशात घालून बाहेर घेऊन जात नाही!

वारणेचा धडा

कॉम्प्युटर, नेट आणि साखर कारखाना हे त्रिकूट आपल्या राज्याला नवीन नाही. १९९८ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगरला एक गाजलेला प्रयोग सुरू झाला, ‘वारणा वायर्ड व्हिलेजेस’. केंद्राचं राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र म्हणजे एनआयसी, राज्य सरकार आणि वारणेचा सहकारी समूह यांनी मिळून परिसरातल्या ७० गावांसाठी संगणक केंद्रं उभी केली. उसाची नोंद, तोडणीची परवानगी, वजन, बिल ही माहिती शेतकऱ्याला आपल्या गावातच मिळावी, कारखान्यापर्यंत हेलपाटा पडू नये, ही कल्पना. त्या काळाच्या मानानं केवढी मोठी झेप होती ती! शहरातसुद्धा तेव्हा नेट म्हटलं की टेलिफोनच्या वायरीतून खर्रखर्र आवाज करत जोडायचं डायल-अप असायचं आणि नेट चालू असेपर्यंत घरचा फोन बंद.

पण पुढं काय झालं ते जास्त शिकण्यासारखं आहे. कॉम्प्युटर सांभाळणं खर्चिक आणि कटकटीचं ठरलं. लोक त्यांचा उपयोग प्रामुख्यानं उसाच्या हिशेबापुरताच करत होते. शेवटी मायक्रोसॉफ्टच्या भारतातल्या संशोधन विभागानं तिथं काही गावांत एक प्रयोग करून पाहिला. कॉम्प्युटरच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस. शेतकरी मेसेज पाठवणार, उत्तर फोनवर येणार. त्या प्रयोगाचं नावच ‘वारणा अनवायर्ड’ होतं! आधी वायर जोडली, मग वायर सोडली.

यातून आपण काय घ्यायचं? यंत्र घरात आलं म्हणून काम होत नाही. ते चालू ठेवायला कुणीतरी लागतं, आणि ज्याचं काम अडतं त्यालाच ते चालू ठेवता आलं पाहिजे. घरातल्या कॉम्प्युटरवर काम आपलं अडतं ना? मग तो जोडायचा कसा हे आपल्यालाच यायला हवं.

आधी सीपीयूची पाठ बघा

सीपीयूचा डबा (आपण त्याला सीपीयू म्हणतो) जरा पुढं ओढा आणि त्याची मागची बाजू बघा. दोन छोट्या अँटेना किंवा अँटेना लावायचे पितळी गोल खिळे दिसले तर वाय-फाय आहे, फक्त अँटेना कपाटात कुठंतरी पडल्या असतील. त्या शोधा आणि फिरवून बसवा. अँटेनाशिवाय वाय-फाय म्हणजे कानात बोळे घालून ऐकण्यासारखं.

असं काही दिसलं नाही तर चार मार्ग आहेत.

पहिला, साधी लॅनची वायर. राउटरच्या मागं तीन-चार चौकोनी भोकं असतात, तशीच एक खाच सीपीयूच्या मागं असते. एका टोकाला राउटर, दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटर, संपलं काम. पासवर्ड नको, रेंज नको. ही वायर १०० मीटरपर्यंत व्यवस्थित चालते. आपलं घर काही एवढं मोठं नसतं! डेस्कटॉप एका जागेवरून हलत नाही, त्यामुळे भिंतीच्या कडेनं क्लिपा मारून वायर नेता येत असेल तर याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. दुकानात ‘कॅट सिक्स’ वायर मागा.

दुसरा, यूएसबी डोंगल. पेन ड्राइव्हसारखा दिसतो, यूएसबीच्या खाचेत घातला की कॉम्प्युटरला वाय-फाय मिळतं. काही शे रुपयांपासून मिळतो. नखाएवढा डोंगल स्वस्त असतो, पण आतली खोली लांब असेल तर अँटेनावाला घ्या. आणि दुकानदाराला एवढंच विचारा, ‘ड्युअल बँड आहे ना?’ त्याचा अर्थ पुढं सांगते.

तिसरा, सीपीयूच्या आत बसवायचं वाय-फाय कार्ड. हे चांगलं चालतं, पण डबा उघडावा लागतो. हात बसलेला असेल तर घरीही होतं, नाहीतर कॉम्प्युटरवाल्याकडून बसवून घ्या.

चौथा मार्ग बिनपैशाचा, अडीअडचणीचा. मोबाइल चार्जिंगच्या वायरीनं कॉम्प्युटरला जोडा आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. फोनचं नेट कॉम्प्युटरला मिळतं. फोन घरच्या वाय-फायला जोडलेला असेल तर बरेचसे अँड्रॉइड फोन तेच नेट वायरीतून पुढं देतात, म्हणजे मोबाइलचा डेटाही संपत नाही. अर्जाचा शेवटचा दिवस असेल आणि डोंगल आणायला अंबडला जायला वेळ नसेल, तेव्हा हा मार्ग लक्षात ठेवा. वायर मात्र चांगली हवी. काही स्वस्त वायरींतून नुसतं चार्जिंग होतं, माहिती जात नाही.

जोडणी, एकेक पायरी

डोंगल लावला. आता पुढं?

कॉम्प्युटरमध्ये विंडोज १० किंवा ११ असेल तर बहुतेक डोंगल तो आपोआप ओळखतो. ओळखला नाही तर त्याला ‘ड्रायव्हर’ नावाचं सॉफ्टवेअर लागतं. जुन्या डोंगलबरोबर सीडी यायची. आता अनेक सीपीयूंना सीडीची खाचच नसते. आणि गंमत बघा, नेट जोडण्यासाठी लागणारा ड्रायव्हर नेटवरूनच घ्यायचा असतो! इथं वरची चौथी युक्ती कामी येते. मोबाइल वायरीनं जोडा, ड्रायव्हर घ्या, मग मोबाइल काढून टाका. ड्रायव्हर डोंगलच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. ‘फुकट ड्रायव्हर’ म्हणून नाचणाऱ्या जाहिरातींवर बोट ठेवू नका.

पडद्याच्या खाली उजव्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी पंख्यासारखं वाय-फायचं चिन्ह दिसेल. त्यावर क्लिक केलं की आसपासच्या सगळ्या वाय-फायची नावं येतात. आपलं नाव निवडा, ‘कनेक्ट ऑटोमॅटिकली’समोर खूण करा, पासवर्ड टाका. नाव आणि पासवर्ड बदललेले नसतील तर ते राउटरच्या खालच्या किंवा मागच्या चिठ्ठीवर छापलेले असतात. पासवर्डमधलं मोठं आणि लहान अक्षर वेगळं धरलं जातं, शून्य आणि इंग्रजी ‘ओ’ यांची गल्लत होते. चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढून तो मोठा करून वाचा, डोळे फाडायला नकोत.

एक सूचना महत्त्वाची. विंडोज ७ साठी मायक्रोसॉफ्टचा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला आणि विंडोज १० साठीचा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. म्हणजे त्यात नव्या चोरवाटा सापडल्या तरी नेहमीच्या मोफत दुरुस्त्या आपोआप मिळत नाहीत. जुना कॉम्प्युटर अभ्यासाला, टायपिंगला चालवा. पण त्यावर बँकेचे व्यवहार करण्याआधी कॉम्प्युटरवाल्याकडून नवी विंडोज किंवा मोफत मिळणारी लिनक्स बसते का, ते विचारून घ्या.

रेंज का मिळत नाही?

आता मुख्य दुखणं. जोडलं तर आहे, पण नेट रांगतंय.

वाय-फाय म्हणजे रेडिओच्या लहरी. त्या डब्यातून चारी दिशांना पसरतात आणि वाटेत जे येईल त्यातून जाताना दमतात. प्लायवूडच्या दारातून सहज जातात, विटांच्या भिंतीतून थोड्या कमी होतात, लोखंड घातलेल्या काँक्रीटमधून बऱ्याच कमी होतात. लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा आणि पत्रा यांच्यावरून तर त्या परत फिरतात. पाण्यानं भरलेला पिंपही लहरी शोषतो. आता आपल्या घराचा नकाशा मनात आणा. राउटर टीव्हीच्या मागं, मधल्या भिंतीला टेकून लोखंडी कपाट, त्याच्या पलीकडे फ्रिज आणि मग मागची खोली. बिचाऱ्या लहरींनी जायचं तरी कुठून?

म्हणून पहिला आणि फुकटचा उपाय म्हणजे डबा हलवा. घराच्या मध्यभागी, डोक्याच्या उंचीवर, मोकळ्यावर. टीव्हीच्या मागं नको, कपाटात नको, देव्हाऱ्याच्या पितळी महिरपीमागं नको. शोभा जाते म्हणून त्यावर कुणी कव्हर घालतं, तेही काढा. डब्याला हवा लागते आणि मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात तर फारच. फायबरची पातळ वायर हलवताना मात्र तिला घडी पडू देऊ नका. आत काच असते, तुटते. लांबी पुरत नसेल तर कंपनीच्या माणसाला सांगा, राउटरची जागा बदलून मागणं हा काही गुन्हा नाही.

दुसरा उपाय डोंगलचा. आपण तो सीपीयूच्या मागं लावतो. म्हणजे मागं भिंत, पुढं लोखंडी डबा आणि मध्ये तो एवढासा जीव. त्याला यूएसबीची एक्स्टेन्शन वायर लावा आणि टेबलावर, खिडकीत, जिथं मोकळं असेल तिथं आणून ठेवा. नुसत्या एवढ्यानं फरक पडतो, करून बघा. शिवाय निळ्या रंगाच्या, म्हणजे यूएसबी ३ च्या खाचेत जोडलेल्या हार्ड डिस्कसारख्या वस्तूंचा २.४ च्या लहरींना त्रास होतो. म्हणून साधा डोंगल काळ्या खाचेत, त्यांच्यापासून लांब लावा.

तिसरा उपाय योग्य पट्टा निवडण्याचा. आजचे बहुतेक राउटर दोन पट्ट्यांवर बोलतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ म्हणजे आपली एसटीची लाल गाडी. हळू, पण आडगावापर्यंत पोचणार. ५ म्हणजे हायवेची गाडी. सुसाट, पण फाट्यावर थांबणार नाही. कॉम्प्युटर आणि राउटर एकाच खोलीत किंवा शेजारच्या खोलीत असतील तर ५ घ्या, दोन-तीन भिंती आड असतील तर २.४ घ्या. ‘ड्युअल बँड’ डोंगलला दोन्ही भाषा येतात, म्हणून तो घ्यायचा. स्वस्तातल्याला बहुधा नुसतं २.४ च येतं.

२.४ च्या पट्ट्यात गर्दीही फार. ब्लूटूथ तिथंच, शेजाऱ्यांचं वाय-फाय तिथंच आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही त्याच लहरींवर अन्न गरम करतो. मायक्रोवेव्ह चालू असताना शिकवणीचा व्हिडिओ अडकला तर नवल नाही. वसाहतीत घराला घर लागून असेल तर एकाच मांडवात चार बँड वाजल्यासारखं होतं. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘चॅनल’ बदलता येतो. २.४ मध्ये १, ६ आणि ११ हे तीनच चॅनल एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. त्यातला शेजारी कमी वापरतात तो घ्या.

यानंतरही मागची खोली कोरडीच राहिली तर मग खर्चाचे उपाय. रिपीटर नावाचं यंत्र मधल्या खोलीत लावता येतं. पण ते जिथं नेट येत नाही तिथं लावून उपयोग नाही, जिथं अजून बऱ्यापैकी येतंय तिथं लावायचं. पाणी नसलेल्या हौदात पंप सोडून काय उपयोग? शिवाय साध्या रिपीटरनं वेग निम्म्यावर येऊ शकतो, कारण त्याला ऐकायचंही असतं आणि तेच पुन्हा सांगायचंही असतं. त्यापेक्षा लॅनची वायर मागच्या खोलीपर्यंत नेऊन तिथं दुसरा छोटा राउटर लावणं अधिक चांगलं.

दोष कुणाचा?

नेट बंद पडलं की घरात एकच वाक्य ऐकू येतं, ‘तू काहीतरी दाबलंस!’ हे वाक्य बहुतेक वेळा बाईच्या किंवा मुलीच्या वाट्याला येतं. म्हणून दोष नेमका कुठं आहे हे शोधता येणं फार उपयोगाचं.

राउटरच्या अगदी शेजारी उभं राहा आणि मोबाइलचा डेटा बंद करून वाय-फायवर वेग मोजा. ‘स्पीड टेस्ट’ असं शोधलं की सापडतं. मग तीच परीक्षा कॉम्प्युटरवर करा. राउटरजवळ वेग चांगला आणि कॉम्प्युटरवर कमी, म्हणजे दोष घरातला, वरचे उपाय करा. राउटरजवळही वेग कमी, म्हणजे दोष कंपनीच्या लाइनचा, तक्रार करा. फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल झाला असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाहीये. रस्त्याच्या कामात कुठंतरी केबल तुटली असणार. तेव्हा घरात बसून कितीही बटणं दाबली तरी उपयोग नाही.

तिसरी शक्यता विसरू नका. बाकी सगळ्या साइट उघडताहेत आणि एकच सरकारी साइट उघडत नाही, म्हणजे दोष ना आपला ना लाइनचा, समोरच्या यंत्रावर गर्दी झाली आहे. ई-केवायसीच्या दिवसांत कितीतरी बायकांना वाटलं, आपल्यालाच जमत नाही. तसं नव्हतं. पहाटे किंवा रात्री उशिरा प्रयत्न करणं आणि शेवटच्या तारखेची वाट न बघणं, एवढंच आपल्या हातात असतं.

आणखी एक. कंपनी सांगते ‘१०० एमबीपीएस’, आणि फाइल उतरताना पडद्यावर दिसतात जेमतेम १२. फसवणूक झाली असं वाटतं. पण कंपनी ‘बिट’ मोजते आणि कॉम्प्युटर ‘बाइट’. आठ बिटांचा एक बाइट. १०० ला ८ नं भागा, साडेबारा येतात. हिशेब चोख आहे!

लाइट गेली की

आपल्याकडचा खरा प्रश्न हा. लाइट गेली की राउटर बंद, राउटर बंद की नेट बंद. मोबाइलला बॅटरी असते, पण वाय-फायला कुठं असते? राउटरला वीज अगदी थोडी लागते, त्यामुळे त्याच्यासाठी छोटा वेगळा यूपीएस मिळतो, तो काही तास काढतो. घेताना राउटरच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिलंय ते बघा (बहुधा १२ असतं) आणि तेवढ्याचाच घ्या. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना बॅकअप लागेल. कॉम्प्युटरला वेगळा यूपीएस असेल तर निदान अर्ज ‘सबमिट’ करून तो बंद करण्याइतका वेळ मिळतो.

वळवाचा पाऊस आणि विजा सुरू झाल्या की राउटरचा प्लग आणि लॅनची वायर दोन्ही काढून ठेवा. आणि कारखान्याच्या हंगामात महिन्यातून एकदा सीपीयूच्या पंख्याची जाळी मऊ ब्रशनं साफ करा, कॉम्प्युटर बंद करून, प्लग काढून. काजळीनं रेंज कमी होत नाही, पण पंखा गुदमरला की कॉम्प्युटर तापतो आणि संथ होतो. मग आपण नेटला नावं ठेवतो.

पासवर्ड कुणाकडे?

शेवटचा मुद्दा तंत्राचा कमी आणि घराचा जास्त. घरातल्या वाय-फायचा पासवर्ड कुणाला माहीत आहे? बिल कुणाच्या मोबाइल नंबरवर येतं? तक्रार करायला लागणारा ग्राहक क्रमांक कुठं लिहिलाय? बऱ्याच घरांत या तिन्हींचं उत्तर एकाच माणसाकडे असतं आणि तो माणूस कामावर गेलेला असतो. गॅसचं कार्ड, रेशन कार्ड जिथं ठेवतो तिथंच ही चिठ्ठीही ठेवा.

पासवर्ड आडनाव किंवा मोबाइल नंबर नको. तीन-चार न जुळणारे शब्द आणि एखादा आकडा, असा लांबलचक ठेवा. राउटरच्या सेटिंगमध्ये जाण्यासाठी दुसरा पासवर्ड असतो, तोही बदला. कंपनीनं दिलेला अनेकदा सगळ्यांना माहीत असतो. सुरक्षेसाठी ‘डब्ल्यूपीए २’ किंवा ‘डब्ल्यूपीए ३’ निवडा. पाहुण्यांसाठी ‘गेस्ट नेटवर्क’ वेगळं करता येतं, म्हणजे घरचा पासवर्ड सगळ्या गल्लीत जात नाही. आणि कुणी फसवून पैसे काढलेच तर लाजून गप्प बसू नका, १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. जितका लवकर, तितकी पैसे थांबण्याची शक्यता जास्त.

काही घरांत मुलगी ‘बिघडेल’ म्हणून तिला पासवर्ड दिला जात नाही आणि तिच्या भावाला दिला जातो. २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयापुढे अशाच प्रकारचं एक प्रकरण आलं होतं. वसतिगृहात ठरावीक वेळेत मोबाइल वापरायला बंदी होती. ती न मानल्यामुळे एका विद्यार्थिनीला वसतिगृहातून काढण्यात आलं. इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयानं सांगितलं आणि तिला परत घ्यायला लावलं. घरात न्यायालय नसतं, तिथं आपणच असतो. मुलांवर वेळेचं बंधन जरूर घाला, राउटरमध्ये तशी सोयही असते. पण बंधन घालायचं तर मुलगा-मुलगी दोघांना सारखं.

जाता जाता एक गोष्ट. १९४२ मध्ये हेडी लमार या हॉलिवूडच्या अभिनेत्रीला संगीतकार जॉर्ज अँथाइल यांच्यासह अमेरिकेत एक पेटंट मिळालं. रेडिओची लहर सारखी बदलत ठेवायची, म्हणजे शत्रूला ती अडवता येणार नाही, ही ती कल्पना. १९९७ मध्ये वाय-फायचं पहिलं मानक आलं, त्यातला एक पर्याय लहर बदलत राहण्याच्या याच तत्त्वावर होता. ब्लूटूथ तर आजही तसंच चालतं. वाय-फाय एकट्या हेडीनं शोधलं असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. पण ज्या बाईकडे जग नुसतं सुंदर चेहरा म्हणून बघत होतं, ती घरी बसून लहरींचा विचार करत होती, हे मात्र खरं.

तेव्हा या रविवारी एवढं करा. सीपीयू पुढं ओढा, त्याची पाठ बघा. राउटर कुठं आहे आणि वाटेत काय काय उभं आहे ते बघा. आधी डबा हलवून बघा, मग डोंगल मोकळ्यावर आणा, आणि पैसे सगळ्यात शेवटी खर्च करा. मुलीला हाताशी घ्या, तिलाही येऊ दे. आणि पुढच्या वेळी कंपनीचा मुलगा शिडी घेऊन आला की चहा दुसऱ्या कुणालातरी टाकायला सांगा. ‘डबा कुठं लावू?’ या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे आहे.